मॅजोलिका आणि तिचे संग्राहक

जुन्या वस्तूंच्या संग्राहकापाशीं तीन प्रश्न नेहमीं तयार असतात : वस्तु कोणत्या कारखान्याची, कोणत्या सालची, आणि कितपत अखंड. या तिहींचीं उत्तरें मिळालीं कीं त्याच्या मतें परीक्षा पुरी झाली. पुढचें काम दुकानदाराशीं घासाघीस करण्याचें. हे प्रश्न निरर्थक आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. पण वस्तूची ओळख पटणें आणि वस्तूचें मोल कळणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि हा भेद विसरला गेला म्हणजे संग्राहक हा रसिक न राहतां केवळ भांडारी होतो. हें स्पष्ट करून दाखविण्यास एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी मॅजोलिकेइतकें सोयीचें उदाहरण क्वचितच सांपडेल. हीं झगझगीत रंगांचीं मातीचीं भांडीं एके काळीं इंग्लंड-अमेरिकेंतील मध्यमवर्गाच्या घरोघरीं होतीं. पुढें तीं माळ्यावर गेलीं. आणि गेल्या कांहीं दशकांत तीं पुन्हां कांचेच्या कपाटांत येऊन बसलीं आहेत. त्यांची निंदाहि पुष्कळ झाली, स्तुतीहि पुष्कळ झाली. परंतु निंदक आणि स्तुतिपाठक या दोघांच्याहि दृष्टींतून एक महत्त्वाची गोष्ट बहुधा सुटली, असें आम्हांस वाटतें.

आरंभीं नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. इटलीमध्यें पंधराव्या-सोळाव्या शतकांत जीं सुप्रसिद्ध चित्रित भांडीं होत, त्यांस 'मायोलिका' म्हणतात. भूमध्य समुद्रांतील मायोर्का बेटावरून हें नांव आलें असें सामान्यतः मानलें जातें. त्या भांड्यांवरील झिलईंत कथील मिसळलेलें असे. आपल्याकडे पितळी पातेल्यास कथलाची कल्हई करतात, ती जशी खालचें पितळ झांकून टाकते, तशी ही पांढरी झिलई खालच्या मातीचा रंग झांकून टाकी. आणि मग त्या पांढऱ्या पृष्ठावर कुंचल्यानें चित्र काढीत. इंग्लंडांत मॅजोलिका म्हणून जो माल गाजला तो बहुतांशीं या जातीचा नव्हे. त्याची झिलई शिशाची, रंगीत आणि पारदर्शक आहे. तेथें सपाट पृष्ठावर चित्र काढावयाचें नसून, साच्यांतून उठावाची आकृति काढावयाची आणि तिच्या प्रत्येक अंगावर निरनिराळ्या रंगाची झिलई चढवावयाची, असा प्रकार आहे. या मालाचा खरा पूर्वज इटलींत नाहीं, फ्रान्सांत आहे. सोळाव्या शतकांतील बर्नार पालिसी या कुंभारानें सरडे, साप, मासे, शिंपले यांचे प्रत्यक्ष प्राण्यांवरून साचे घेऊन आपलीं ताटें सजविलीं. मनाजोगी झिलई साधण्याच्या नादांत सरपण संपलें तेव्हां त्यानें घरांतलीं मेजें आणि जमिनीच्या फळ्या भट्टींत घातल्या, ही हकीकत त्यानें स्वतःच लिहून ठेविली आहे. मॅजोलिकेचा इतिहास अशा रीतीनें एका ध्यासापासून सुरू होतो. त्या ध्यासाची किंमत पालिसीच्या घरानें दिली. पुढें ती दुसऱ्यांनीं दिली, त्याचा विचार आम्ही यथाक्रम करूं.

इंग्लंडांत या मालाचा जन्म स्टॅफर्डशायरमधील स्टोक येथें मिंटन यांच्या कारखान्यांत झाला. हर्बर्ट मिंटन यानें १८४९ सालीं लेओं आर्नू या फ्रेंच मनुष्यास आपल्याकडे आणलें. आर्नू हा कलावंत होता आणि माती, भट्टी व झिलई यांचें शास्त्र जाणणाराहि होता. असा योग कुंभारकामांत दुर्मिळ. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत त्याची मॅजोलिका लोकांपुढें आली आणि पाहतां पाहतां लोकप्रिय झाली. तिची कृति सांगण्यास सोपी आहे. साच्यांतील भांडें एकदां भाजून घ्यावयाचें. त्यावर निरनिराळ्या रंगांच्या झिलया कुंचल्यानें भरावयाच्या. आणि मग त्याहून कमी उष्णतेच्या भट्टींत तें दुसऱ्यांदा भाजावयाचें. तांब्यापासून हिरवा, कोबाल्टापासून निळा, मँगनीजपासून जांभळा व तपकिरी, लोखंडापासून पिंगट, असे हे रंग. सगळे रंग एकाच भट्टींत, एकमेकांत न मिसळतां, आपापल्या जागीं उतरावयाचे यांत आर्नूचें कौशल्य होतें. झिलई वितळली म्हणजे उंचवट्यावरून ओसरते आणि खळग्यांत सांचते. त्यामुळें पानाच्या शिरा आपोआप फिक्या दिसतात आणि शिरांमधील भाग गडद होतो. चित्रकार जी छायाप्रकाशाची योजना मेहनतीनें करतो ती येथें झिलई स्वतः वाहून करते. उत्तम मॅजोलिकेचें सारें सौंदर्य या एका गोष्टींत आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पुढें वेजवुड, जॉर्ज जोन्स, होल्डक्रॉफ्ट इत्यादि अनेक कारखान्यांनीं हा माल काढला. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियामधील फीनिक्सव्हिल येथें ग्रिफिन, स्मिथ आणि मंडळी यांनीं १८७९ पासून 'इट्रस्कन' या नांवानें तो विकला. या प्रसारास समाजस्थितीहि अनुकूल होती. इंग्लंडांत कांचेवरील कर १८४५ सालीं उठला. कांच स्वस्त झाली आणि बऱ्या स्थितीच्या कुटुंबांनीं घरास लागून कांचघरें बांधलीं. त्यांत नेचे आणि परदेशी झाडें लावण्याचें वेडच लागलें. या कांचघरांस पाण्याला न भिणाऱ्या, रंगीत कुंड्या आणि बैठका हव्या होत्या. मॅजोलिकेनें त्या दिल्या. जेवणाच्या मेजावरहि प्रत्येक पदार्थास स्वतंत्र पात्र असावें असा शिष्टाचार वाढत होता. कालवांसाठीं निराळें, सार्डिन माशांसाठीं निराळें, स्ट्रॉबेरीसाठीं निराळें. हीं सारीं पात्रें या कारखान्यांनीं पुरविलीं. राजवाडाहि यांतून सुटला नाहीं : विंडसरजवळ फ्रॉगमोर येथें राणीची दूधशाळा आल्बर्टच्या देखरेखीखालीं बांधली गेली, तिच्यांतील सजावट मिंटनचीच आहे.

या मालाविरुद्ध आक्षेपहि त्याच्या जन्माबरोबरच उत्पन्न झाला. १८५१ च्या प्रदर्शनानंतर हेन्री कोल आणि त्याचे सहकारी यांनीं अलंकरणाची नवी शिस्त शिकविण्यास आरंभ केला, आणि १८५२ सालीं लंडनच्या मार्लबरो हाउसमध्यें 'खोट्या तत्त्वांचे' नमुने मांडून लोकांस दाखविले. अलंकार वस्तूच्या अधीन असावा. निसर्गाची हुबेहुब नक्कल करून वस्तूचें रूप लपवूं नये. हें त्यांचें सूत्र. या सूत्राच्या कसोटीवर मॅजोलिका सरळ नापास होते, कारण तिच्यांत ताट पानासारखें असतें आणि चहादाणी फूलकोबीसारखी. पुढच्या पिढीच्या टीकाकारांनीं याच आक्षेपास 'ग्राम्य अभिरुचि' असें नांव देऊन तिला दिवाणखान्यांतून हांकलून दिलें.

हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. वस्तूला दुसऱ्या वस्तूचें रूप देणें हा स्वतःच दोष असता, तर आपल्या घरांतील हळदीकुंकवाची कैरीच्या आकाराची कुयरी आणि मोराच्या घडणीचा अडकित्ता यांसहि दोषी ठरवावें लागेल. खरा प्रश्न इतकाच कीं, घेतलेलें रूप कामाला साह्य करतें कीं आडवें येतें. मिंटनचें कालवें वाढण्याचें पात्र पाहावें. चार मजल्यांचा हा मनोरा मेजावर फिरवितां येतो. प्रत्येक मजल्यावर कालवाच्या शिंपल्याचे खळगे आहेत, आणि शेंड्यावर मासे एकत्र येऊन उचलण्याची मूठ झाली आहे. आकृति, उपयोग आणि विनोद येथें एकच होऊन गेले आहेत. शिकारीच्या मांसाचा पदार्थ वाढण्याचें झांकणदार भांडें असेंच : झांकणावर ससा आणि बदक निपचित पडलेले, बाजूस वेताच्या टोपलीची वीण. आंत काय आहे हें वाढप्यानें सांगण्याचें कारणच उरत नाहीं. जॉर्ज जोन्सच्या एका प्रसिद्ध पात्रांत बाहुल्यांच्या खेळांतला विदूषक पंच उताणा पडून आपल्या अंगावर भलें मोठें 'पंच' पेयाचें भांडें तोलून धरतो. या पेयाचें नांव आपल्या 'पांच' शब्दापासून निघालें असें मानणारे पुष्कळ आहेत. तें खरें असल्यास या श्लेषाचा एक धागा आपल्याकडेहि पोंचतो. अशा कृतींस ग्राम्य म्हणणाऱ्याला विनोदाचें वावडें असावें, यापलीकडे आम्हांस कारण दिसत नाहीं.

तथापि स्तुतिपाठकांच्या पंक्तीसहि आम्ही बसूं शकत नाहीं. मॅजोलिकेची जी मातब्बरी आज बाजारांत आहे ती पुष्कळदां आकाराच्या भव्यतेवर आणि दुर्मिळपणावर अवलंबून असते. आणि नेमक्या भव्य कृतींतच ही कला थकते. पॉल कोमोलेरा या शिल्पकाराच्या नमुन्यावरून मिंटननें केलेला सुमारें पांच फूट उंचीचा मोर हें याचें उत्तम उदाहरण. तो कारागिरीचा पराक्रम आहे, यांत शंका नाहीं. पण तेथें झिलईला खळग्यांतून वाहण्याचें, पानाला पान करण्याचें काम उरलें नाहीं. ती केवळ मोराचे रंग भरीत बसली आहे. हाताएवढ्या बेगोनियाच्या पानाच्या ताटलींत जो जिवंतपणा आहे तो या मोरांत नाहीं. संग्राहक मात्र ताटलीस किरकोळ समजतो आणि मोरापुढें नमस्कार करतो.

या मोरांपैकीं एकाची कथा येथें सांगितली पाहिजे. मेलबर्न येथें १८८० सालीं भरावयाच्या प्रदर्शनासाठीं तो 'लॉक आर्ड' नांवाच्या जहाजांतून ऑस्ट्रेलियास निघाला होता. १ जून १८७८ रोजीं व्हिक्टोरिया प्रांताच्या किनाऱ्यावर, पोर्ट कॅम्पबेलजवळ, तें जहाज फुटलें. जहाजावर चौपन्न माणसें होतीं. त्यांपैकीं दोनच वांचलीं. मोर मात्र आपल्या खोक्यासह किनाऱ्याला लागला, आणि आज तो वॉर्नमबूल येथील संग्रहालयांत उभा आहे. ही कथा संग्राहक मोठ्या कौतुकानें सांगतात, आणि कौतुक मोराच्या अखंडपणाचें असतें. आम्हांस ती निराळ्या कारणासाठीं लक्षांत ठेवण्यासारखी वाटते. वस्तु टिकते आणि माणसें जातात, ही गोष्ट त्या रात्रीपुरतीच खरी नव्हती. मॅजोलिकेच्या कारखान्यांत ती रोजच्या व्यवहाराचा भाग होती.

मॅजोलिकेस जी खोली आणि चकाकी आहे ती शिशामुळें. आपल्या वाचकांस शिसें परकें वाटूं नये : मारुतीला लावतात तो शेंदूर आणि रंगाऱ्याचा सफेता हीं शिशाचींच रूपें. हींच द्रव्यें झिलईंत पडत. इंग्लंडांतील इतर बहुतेक भांड्यांची झिलईहि त्या काळीं शिशाचीच असे, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. पण मॅजोलिकेंत ती जाड, आणि एकेक रंग हातानें भरावयाचा. झिलईच्या पाण्यांत भांडीं बुडविणारे, वाळलेली जादा झिलई खरवडून काढणाऱ्या बायका, आणि कुंचल्यानें रंगीत झिलई भरणाऱ्या मुली यांच्या बोटांवरून, कपड्यांवरून आणि श्वासांतून शिसें शरीरांत जाई. परिणाम ठरलेला होता : पोटशूळ, मनगटें लुळीं पडणें, दृष्टि जाणें, झटके, आणि स्त्रियांच्या बाबतींत वारंवार गर्भपात. शिशाच्या विषबाधेची सरकारला वर्दी देणें १८९५ सालच्या कायद्यानें आवश्यक ठरलें. सदरलंडच्या डचेस मिलिसेंट यांनीं आणि स्त्रीकामगारांच्या चळवळींतील मंडळींनीं हा प्रश्न लावून धरला. रसायनशास्त्रज्ञ थॉर्प आणि वैद्य ऑलिव्हर यांनीं सरकारच्या सांगण्यावरून चौकशी केली. पुष्कळसा माल शिशाशिवाय करतां येईल, आणि जेथें शिसें लागेलच तेथें तें आधीं कांचेच्या रूपांत वितळवून घेतल्यास धोका कमी होईल, असा त्यांचा १८९९ सालचा निर्वाळा होता. कारखानदारांचें उत्तर असें कीं, बिनशिशाच्या झिलईस तशी चकाकी येत नाहीं आणि खर्च वाढतो.

या उत्तराकडे वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. चकाकी येत नाहीं! ज्या गुणासाठीं आपण मॅजोलिकेस हातांत घेतों, जो गुण आम्ही वर मनापासून वाखाणला, त्याच गुणाचें नांव घेऊन त्या मुलींचीं बोटें झिलईंत ठेवण्याचें समर्थन केलें गेलें. मार्लबरो हाउसच्या शिस्तप्रिय मंडळींस पानाच्या आकाराच्या ताटांत असत्य दिसलें. तें ताट रंगविणारीचें लुळें मनगट त्यांच्या कसोटींत बसत नव्हतें. आजच्या संग्राहकाची कसोटीहि तिच्यासाठीं जागा ठेवीत नाहीं. खोटी फिर्याद फेटाळली गेली, आणि खरी फिर्याद दाखलच झाली नाहीं, असें या मालाच्या टीकेचें आम्हांस वाटतें.

कोणी विचारील कीं, या दूरच्या हकीकतीशीं आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो पायाखालींच आहे. मुंबईंत भायखळ्यास १८७२ सालीं लोकांस खुलें झालेलें वस्तुसंग्रहालय, जें आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें, त्याच्या जमिनीस मिंटनच्या फरशा आहेत. त्या मॅजोलिकेच्या नव्हत; पण गांव आणि कारखाना तोच. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जपाननें इंग्रजी मॅजोलिका-फरशांच्या धर्तीवर उठावाच्या चकाकत्या फरशा काढल्या आणि त्या भारतांत पुष्कळ विकल्या. त्यांतील कांहींवर राजा रविवर्म्याच्या चित्रांवरून घेतलेले कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती आहेत. रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंतच निघाला होता. त्याच्या चित्रांनीं घरोघरच्या भिंती व्यापल्या, आणि त्या चित्रांनीं जपानची वारी करून मातीच्या रूपानें परत यावें, हा योग गमतीचा खरा. जुनीं घरें पडतांना या फरशा निघतात आणि जुन्या मालाच्या दुकानांत जातात. तेव्हां मॅजोलिकेचा संग्राहक हा आपल्याकडेहि निर्माण झालेला प्राणी आहे, आणि त्याच्याशीं बोलण्याचा आम्हांस अधिकार पोंचतो.

त्यास आमचें सांगणें पुढीलप्रमाणें. ठसे अवश्य पाहावेत. मिंटनच्या मालावर 'मिंटन' असा दाबून उठविलेला ठसा आणि सालाची खूण असते. सुमारें १८७३ नंतर नांवास शेवटीं इंग्रजी 'एस्' लागतो. पतंगाच्या आकाराची नोंदणीमुद्रा १८४२ पासून १८८३ पर्यंतची. 'इंग्लंड' हें नांव छापलेलें असल्यास माल बहुधा १८९१ च्या पुढचा, कारण अमेरिकेच्या १८९० सालच्या जकातीच्या कायद्यानें मूळ देशाचें नांव घालणें भाग पडलें. पण ठसा नसलेला चांगला मालहि पुष्कळ आहे. तेथें डोळाच प्रमाण. उठावाच्या कडा स्पष्ट आहेत काय, रंग आपापल्या सीमेंत राहिले आहेत काय, खळग्यांत झिलई सांचून आकृतीला साह्य करते काय, हें पाहावें. मागची बाजू पाहण्यास विसरूं नये. जॉर्ज जोन्सच्या मालाची पाठसुद्धां हिरव्या-तपकिरी ठिपक्यांनीं रंगविलेली असते. आणि एक घरगुती सूचना : अशा भांड्यांत कधींहि खाऊं नये. लोणचें, चिंच, ताक यांतील आंबटपणा झिलईंतील शिसें ओढून घेतो. शोभेची वस्तु शोभेलाच ठेवावी.

यानंतर चौथा प्रश्न विचारावा : ही झिलई कोणाच्या हातानें भरली? नमुना करणाऱ्या शिल्पकारांचीं नांवें सांपडतात, कारखानदारांचीं तर सांपडतातच. रंगविणाऱ्या मुलींचीं नांवें भांड्यावर नाहींत. तीं आतां शोधून मिळावयाचीं नाहींत, हें खरें. पण त्यांचें असणें नोंदवितां येतें. न्यूयॉर्क येथें २०२१ सालीं आणि त्यानंतर बाल्टिमोर येथें जें मॅजोलिकेचें मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत रंगीत भांड्यांबरोबरच शिशानें ग्रासलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ एका समकालीन कलावंताकडून करविलेली पांढरी, रंगहीन रचना मांडली होती. संग्रहालयानें जें केलें तें घरच्या कपाटासहि करतां येण्यासारखें आहे. संग्राहकाच्या टिपणवहींत कारखाना, साल, ठसा यांच्याखालीं दोन ओळी अधिक लिहिल्यानें कपाट कमी शोभिवंत होणार नाहीं.

आपला संग्रह मोडून टाकावा असा उपदेश आम्ही करीत नाहीं. भांडें फोडल्यानें कोणाचें मनगट बरें होत नाहीं, आणि जें इतक्या किंमतीनें घडलें तें जपून ठेवणें हेंच उचित. आमचा आग्रह एवढाच कीं, मॅजोलिकेच्या ग्रंथांतून आणि याद्यांतून 'निरागस', 'खेळकर', 'आनंदी' हीं विशेषणें जी सर्रास उधळलीं जातात, त्यांस आळा बसावा. बेगोनियाच्या पानाची ती ताटली सुंदर आहे. तिच्या हिरव्या रंगास खरोखरच तोड नाहीं. मात्र तो हिरवा रंग तिच्यावर कसा आला हें ज्यास ठाऊक आहे, त्याच्याच हातांत ती शोभते.